वर्गणी एका ॲपची, तीही एका नटापायी

पाचपैकी तीन तारे. त्यातले अडीच दिलीप प्रभावळकरांचे. उरलेला अर्धा ॲपवाल्यांचा, तोही केवळ मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर न अडखळता जातं म्हणून.

ॲपचं नाव लिहीत नाही. भाच्याने दुसऱ्या दोन ॲपवरही शोधून दाखवलं आणि रडगाणं सगळीकडे तेच निघालं. एकाला झोडपून बाकीच्यांना सोडून देण्यात अर्थ नाही. मराठी मालिका आणि सिनेमे दाखवणारं, वर्षाचे पैसे एकदम घेणारं कुठलंही ॲप डोळ्यासमोर आणा, चालेल.

मी आयुष्यभर सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. वाचक खिडकीशी येऊन ‘ते निळ्या कव्हरचं, त्यात एक म्हातारा असतो ते’ असं म्हणायचा आणि आम्ही पुस्तक काढून द्यायचो. त्यामुळे एखाद्याने पैसे घेऊन, आपल्याच कपाटात असलेली वस्तू आपल्यालाच सापडू नये अशी व्यवस्था केली, की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचा सूर का असा आहे ते कळेल.

वर्गणी घेतली ती सासूबाईंसाठी. घरातून बाहेर पडणं त्यांना आता होत नाही, ऐकूही कमी येतं, आणि सध्याच्या मालिकांमधल्या बायका रात्री झोपतानाही पैठणी का नेसतात, असं त्या रोज विचारतात. त्यांना ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ हवी होती. मला एक जुनी हौस फेडायची होती. प्रभावळकरांचे म्हातारे एका रांगेत बसवून पाहायचे होते. हा माणूस चिमणरावापासून तात्या विंचूपर्यंत सगळं करून बसलाय हे आपण सगळेच म्हणतो. पण त्यांची खरी करामत म्हाताऱ्यांमध्ये आहे, असं मला फार वर्षांपासून वाटत आलंय. तरुण, बावळट, खलनायक, बाई हे सगळं वेगवेगळं करणं कठीण खरंच; पण पांढऱ्या केसांचे पाच-सहा जण उभे करायचे आणि एकाचाही दुसऱ्याशी नातेवाईक म्हणून संशय येऊ द्यायचा नाही, हे त्याहून कठीण.

तर पहिली पायरी, शोध. देवनागरीत नाव टाकलं, काहीच नाही. रोमनमध्ये टाकलं तर दोन सिनेमे. ‘व’साठी दुसरं अक्षर वापरून टाकलं तर वेगळेच तीन. म्हणजे ॲपच्या मते हे दोन स्वतंत्र नट आहेत. मालिका तर या दोघांपैकी कुणाच्याच नावावर नव्हती, तिच्या नावानेच शोधावी लागली. नट बहुरूपी असावा, पण ॲपने त्याला इतकं मनावर घ्यायची गरज नव्हती. आमच्याकडे एका लेखकाच्या नावाची चार प्रकारची स्पेलिंगं असली, तर चारही कार्डांवरून एकाच ठिकाणी यायची सोय असे. लाकडी खणांच्या कपाटातलं हे काम.

टिपरे मिळाले आणि सासूबाई खूश झाल्या. मी नाही. चित्र टीव्हीभर ताणलेलं. ही मालिका 2001 साली, तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झाली. तेव्हाचे टीव्ही चौकोनी, चित्रही चौकोनी. ॲपवर ते दोन्ही बाजूंनी ओढून आडवं केलंय. राजन भिसे ठीकच दिसतात, शुभांगी गोखलेंचा चेहरा थोडा सुजल्यासारखा वाटतो, पण प्रभावळकर? शिडशिडीत माणसाचे गाल असे पसरलेले बघवत नाहीत. ज्या नटाचं निम्मं काम मान कशी धरायची आणि खांदे किती पाडायचे यात असतं, त्याला रुंद करणं म्हणजे गवयाची पट्टी बदलून रेकॉर्ड विकण्यासारखं आहे. उपाय आहे: टीव्हीच्या रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण असतं, त्यात चार-बाय-तीन निवडा. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतील. येऊ देत.

पट्ट्या आल्या आणि आबा आबांसारखे दिसायला लागले. मालिकेचं मूळ प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’त आहे, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. घरात मुलगा शेखर, सून श्यामला, नात शलाका, नातू शिऱ्या, आणि या सगळ्यांच्या पायात पायात करणारे आबा. कथानक म्हणाल तर काही नाही. कुणी कुणाला विष घालत नाही. एखादी क्षुल्लक गोष्ट घडते, ती भागभर वाढते आणि मिटते.

आता बारकाईने पाहिल्यावर दिसलं ते असं. आबा म्हातारे आहेत, पण थकलेले नाहीत. आपल्याकडे म्हातारा करायचा म्हटलं की नट आधी कंबरेत वाकतो आणि आवाज थरथरवतो. आबांचं म्हातारपण वेगळ्याच ठिकाणी ठेवलंय. घरात काही चाललं असेल तर ते आधी ऐकत नसल्यासारखे बसतात. समोरच्याचं वाक्य संपतं, एक क्षण जातो, आणि मग तोंड उघडतं. त्या क्षणात चेहऱ्यावर एक लबाडी येऊन जाते. घरातल्या निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो आणि महत्त्व कमी; त्या दोन्हींचं काय करायचं हे त्याने ठरवलेलं असतं. ते सगळं त्या एका क्षणात आहे. मालिका सुरू झाली तेव्हा प्रभावळकर सत्तावन्नचे होते. म्हणजे आबांपेक्षा बरेच लहान असणार, पण ते वय कुठे जोडल्याची शिवण दिसत नाही.

शिऱ्याबरोबरचे आबा तर निराळेच. विकास कदमबरोबर बोलताना त्यांचा वेग वाढतो, जवळजवळ त्याच्या वयाचे होतात. श्यामला आली की पुन्हा सासऱ्याच्या वेगात. सासूबाईंना हे काही सांगावं लागलं नाही. ‘नातवाशी बोलताना सगळेच असे होतात,’ म्हणाल्या आणि पुढचा भाग लावायला सांगितला.

पुढचा भाग मात्र पुढचा नव्हता. क्रम कुठेतरी गडबडलाय. एका भागात सुटलेला गुंता दोन भागांनंतर नव्याने सुरू होतो. टिपरेंच्या बाबतीत हे खपून जातं, कारण प्रत्येक भाग आपल्यापुरता. रहस्यमालिका अशी चढवली असती तर खून आधी उघडकीला आला असता आणि मग झाला असता.

‘झपाटलेला’ मी या यादीत घेणार नव्हते, कारण त्यात म्हातारा नाही. पण ‘चौकट राजा’ संपला न संपला तोच ॲपने पाच सेकंद मोजले आणि स्वतःहून तो सुरू केला. नंदूचा चेहरा डोळ्यांसमोरून हललेलासुद्धा नव्हता. ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणे. माझा आधी संताप झाला. मग वाटलं, यंत्र चुकून का होईना खरं बोलून गेलं. दोन्ही सिनेमांत नट तोच. 1991 ला नंदू, 1993 ला तात्या विंचू, मधे फक्त दोन वर्षं.

महेश कोठारेंच्या या सिनेमात प्रभावळकर प्रत्यक्ष पडद्यावर फार थोडे दिसतात. गुंड तात्या मरतो, त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि पुढे उरतो तो रामदास पाध्येंनी घडवलेला बाहुला आणि प्रभावळकरांचा आवाज. लक्ष्मीकांत बेर्डे समोर आहेत, ते पडदा खाऊन टाकणारे नट, आणि त्यांच्या विरुद्ध उभं राहायला या माणसाकडे शरीरच नाही. तरी आज मुलं नक्कल करतात ती तात्याची. तो आवाज घशाच्या तळातून खरवडून काढलाय, पण शब्द एकही बुडत नाही. ‘ओम फट् स्वाहा’ मधला ‘फट्’ कानावर आपटतो. 2013 च्या दुसऱ्या भागातही त्यांनीच आवाज दिला. ॲपने मात्र कलाकारांच्या यादीत त्यांचं नाव घातलेलं नाही. बाहुला दिसतो ना, मग झालं.

‘चौकट राजा’कडे परत. संजय सूरकरांचं दिग्दर्शन, स्मिता तळवलकर, सुलभा देशपांडे, अशोक सराफ. लहानपणीच्या अपघाताने नंदूच्या मनाची वाढ थांबलेली. हा सिनेमा तेव्हा थिएटरात पाहून मी रडले होते, आणि यावेळी तसंच होईल म्हणून रुमाल घेऊन बसले. रडू आलं, पण वेगळ्या जागी. तेव्हा आईच्या काळजीने रडले होते. आता नंदूकडे पाहत राहिले. त्याला आपण वेगळे आहोत हे अधूनमधून कळतं आणि मग पुन्हा निसटतं. ते कळणं आणि निसटणं चेहऱ्यावर दिसतं. विनोदी जागा आहेत, हसू येतं, पण नंदू हसवायला गेलेला नसतो.

यातली मौज अशी की जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात प्रभावळकर नेमके पलीकडच्या बाजूला होते. तिथे ते मतिमंद मुलाचे वडील होते, मुलगा झाला होता अतुल परचुरे. म्हणजे एकच दुःख त्यांनी दोन्ही काठांवरून पाहिलंय. हे शेजारी शेजारी ठेवून पाहता आलं असतं तर वर्गणीचे सगळे पैसे वसूल म्हटले असते. पण नाटक ॲपवर नाही. रंगभूमीवरचं त्यांचं काम जवळजवळ नाहीच. ‘हसवाफसवी’सुद्धा नाही, आणि ही उणीव साधी नव्हे.

‘हसवाफसवी’ त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका केल्या. मी गडकरी रंगायतनला पाहिलं. त्यातले कृष्णराव हेरंबकर, संगीत रंगभूमीचे जुने गायक नट, हे माझ्या मते प्रभावळकरांच्या म्हाताऱ्यांचे मूळपुरुष. प्रेक्षागृहात मागे बसूनही त्या माणसाचं वय दिसायचं, आणि तेव्हा प्रभावळकर स्वतः काही म्हातारे नव्हते. हेरंबकर मंचावर यायलाच इतका वेळ घ्यायचे की मधल्या शांततेत लोक आधी हसायचे आणि मग हसू हळूहळू विरायचं. पुढे पुष्कर श्रोत्रींनी त्या सहा भूमिका उचलल्या आणि चांगल्या निभावल्या, पण माझं भांडण त्यावरून नाही. मराठी माणसाकडून पैसे घेणाऱ्या ॲपवर सासू-सुनेच्या मालिकांचे शेकडो भाग आहेत आणि हे एक नाटक नाही, यावरून आहे.

चिमणरावही नाही. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर, चिं. वि. जोशींच्या कथांवरून, सत्तरच्या दशकात ती मालिका आली. चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी. चपलांचा ढीग बाहेर जिन्यापर्यंत. त्या घरच्या काकूंना स्वयंपाकघरातून बाहेर यायला वाट नसायची. ॲपवर ‘चिमणराव’ टाकलं तर त्याने मला एक स्वयंपाकाचा कार्यक्रम दाखवला. का, ते विचारू नका.

हिंदी विभागात मात्र सोय बरी आहे, कारण तिथे भाडं देणारे जास्त. ‘लगे रहो मुन्नाभाई’ स्वच्छ प्रिंटमध्ये आहे. सासूबाईंना सांगितलं की आई, हे बापू म्हणजेच आपले टिपरे आबा. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. ‘काहीतरीच. हा तो नाही.’ मी जुना भाग लावून दाखवला, तरी नाही. मी हरले, आणि याहून मोठी पावती त्या नटाला सहाय्यक अभिनेत्याच्या राष्ट्रीय पुरस्कारानेही दिली नसेल. तो पुरस्कार त्यांना याच भूमिकेसाठी मिळाला.

या गांधींबद्दल थोडं सविस्तर, कारण लोक फक्त मेकअपबद्दल बोलतात. पडद्यावर गांधी करणारे नट बहुतेक इतिहासातले गांधी करायला जातात. प्रभावळकरांसमोरचा पेच निराळा होता. हे बापू फक्त मुन्नाला दिसतात. मुन्नाने वाचनालयात तीन दिवस बसून जेवढं वाचलं तेवढंच त्यांना ठाऊक. त्याला माहीत नसलेलं उत्तर तेही देऊ शकत नाहीत, आणि सिनेमात तिथेच सगळं फुटतं. म्हणजे करायचे होते ते एका मवाल्याच्या डोक्यातले गांधी. म्हणून ते उपदेश करत नाहीत, मुन्नाला बोलू देतात. पुष्कळ दृश्यांत ते नुसते शेजारी आहेत. संजय दत्त दुप्पट आकाराचा, आणि नजर मात्र त्या काटकुळ्या माणसावरून हलत नाही. (आणि हो, ग्रंथपाल म्हणून सांगते, हिंदी सिनेमाचा नायक तीन दिवस वाचनालयात बसतो यासाठीच मी या सिनेमाला एक तारा जास्त देईन.)

हे 2006. दोनच वर्षांनी ‘सरकार राज’मध्ये ते राव साहेब झाले. वयोवृद्ध, साधे, आदरणीय. पुढे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगत नाही. एवढंच म्हणते की बापूंची शांतता आणि राव साहेबांची शांतता लागोपाठ पाहा. आवाज दोघांचाही चढत नाही. एकाच्या न बोलण्याने आपल्याला बरं वाटतं आणि दुसऱ्याच्या न बोलण्याने दार लावून घ्यावंसं वाटतं.

‘देऊळ’ मी घाईत पाहिला, कारण मधेच जाहिरात. पैसे भरूनही जाहिरात, त्यासाठी म्हणे वरचा वर्ग घ्यावा लागतो. त्यातले अण्णा गावात दवाखाना व्हावा म्हणणारे, आणि गाव निघालंय देवळाकडे. नाना पाटेकर आणि गिरीश कुलकर्णी गाजतात, अण्णा मागे मागे होत जातात. हरणारा सज्जन रंगवताना नट हमखास स्वतःवर दया करून घेतो. इथे ते नाही.

‘नारबाची वाडी’ आधी पाहिला नसेल तर तेवढ्यासाठी महिनाभराची वर्गणी घ्या, वर्षाची नको. आदित्य सरपोतदारांचा 2013 चा सिनेमा. कोकणातला नारबा, त्याची जिवापाड जपलेली वाडी, आणि ती गिळायला टपलेला खोत, म्हणजे मनोज जोशी. सौदा असा की खोताने नारबाला जिवंत असेतो दरमहा पैसे द्यायचे आणि नारबा गेला की वाडी खोताची. नारबा आज जातो की उद्या अशा अवस्थेत. पण महिन्याचे पैसे सुरू झाले आणि नारबा मरायचं नावच घेईना. प्रभावळकरांनी इथे म्हातारपणाचा काटा उलटा फिरवलाय. सुरुवातीला उठता-बसता कण्हणारा माणूस हळूहळू सरळ होत जातो, डोळ्यांत तेज येतं, आणि तेही इतकं कणाकणाने की खोताला शंका यायच्या आधी आपल्याला येत नाही. चित्र-ध्वनी दोन्ही चांगलं आहे, ॲपला इथे पूर्ण गुण. इंग्रजी उपशीर्षकं तेवढी बंद करा. बोलीतली प्रत्येक शिवी तिथे एकाच सौम्य शब्दात बसवलीय.

या रांगेतला शेवटचा म्हातारा मी ॲपवर नाही, थिएटरात पाहिला. ‘दशावतार’, सप्टेंबर 2025, दिग्दर्शक सुबोध खानोलकर. बाबुली मेस्त्री, दशावतारी नट. प्रभावळकर तेव्हा एक्याऐंशीचे. दशावतार म्हणजे सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळासमोर उभं राहणारं नाटक. लिहिलेली संहिता हातात नसते, संवाद ऐन वेळी रचायचे, तोंड आपलं आपण रंगवायचं, पुरुषांनीच बायकांची कामं करायची. म्हणजे वेषांतरावर जगलेल्या नटाने वेषांतरावर जगणाऱ्या नटाची भूमिका केलीय. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक कॉलेजचा मुलगा होता. मध्यंतरात मित्राला म्हणाला, ‘अरे, हाच तात्या विंचू.’ मित्र म्हणाला, ‘गप रे.’ सासूबाईंची आठवण झाली. सिनेमा म्हणून उत्तरार्ध मला थोडा लांबला असं वाटलं, पण बाबुली पडद्यावर असताना घड्याळ पाहिलं नाही.

आता ग्राहकसेवा. नावाचे दोन तुकडे झालेत, भागांचा क्रम चुकलाय, तात्याच्या आवाजाचं श्रेय नाही, हे सगळं मुद्देसूद लिहून पाठवलं. उत्तर तात्काळ आलं: ॲप काढून पुन्हा टाका. भाच्याने काढून पुन्हा टाकलं. सासूबाईंनी पाहिलेले सगळे भाग न पाहिलेले झाले, ही एक सुधारणा, कारण त्या आता पहिल्यापासून पाहतायत आणि मजेत आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं. सिनेमा संपताना श्रेयनामावली सुरू झाली की चित्र कोपऱ्यात बोटाएवढं होतं आणि पुढच्या सिनेमाची जाहिरात मोठी होते. ज्या नटाच्या प्रत्येक भूमिकेमागे रंगभूषाकार आणि वेषभूषाकार असतात, त्याच्या सिनेमात ती नावं वाचू न देणं वाईट. सेटिंगमध्ये ‘पुढचा भाग आपोआप सुरू करा’ असं काहीतरी असतं, ते बंद करा, म्हणजे नावं वाचता येतात. घरातल्या कुणा लहान मुलाकडून करून घ्या, मला ते मेनूत सापडलं नव्हतं.

कुणी घ्यावं? घरात टिपरे पाहणारं माणूस असेल तर घ्यावं. सिनेमेच पाहायचे असतील तर महिन्याचं पुरे, आणि आधी यादी करून ठेवा, नट म्हणून शोधू नका, सिनेमाचं नाव टाका. चिमणराव किंवा नाटकं मिळतील या आशेने पैसे भरू नका. घरात लहान मूल असेल तर तेच पैसे ‘बोक्या सातबंडे’वर घाला, पुस्तकं प्रभावळकरांचीच आहेत, त्यांना वर्गणी लागत नाही आणि मधे जाहिरातही येत नाही.